शनवारतेल्यांची मराठी

अलिबागेच्या बाजारातून आत वळले की एक आळी लागते. तिचे नाव इस्राएल आळी. आळीत एक देखणे प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव मागेन अबोथ. पण आळीतली जुनी माणसे त्याला सरळ मशीद म्हणत. मशीद म्हटल्यावर परक्याचा गोंधळ व्हायचा, कारण आत मुसलमान नसत. आत टोपी घातलेली, शाल पांघरलेली माणसे हिब्रूत प्रार्थना करीत, आणि प्रार्थना आटोपून पायऱ्या उतरता उतरता एकमेकांना विचारीत, "काय रे, आज बाजारात बोंबील काय भावानं मिळाले?"

आता या आळीत त्यांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. परंतु एके काळी उत्तर कोकणात, अष्टागरापासून रोहे-पेणपर्यंत, क्वचितच एखादे मोठे गाव असेल की जेथे बेने इस्राएलांचे घर नव्हते. धंदा तेलाचा. घाणा सहा दिवस फिरे आणि शनिवारी बंद असे, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवारतेली. दिवाळीला पणत्यांत घालायचे तेल कित्येक गावांत याच घाण्यावरून येत असणार. तेल काढणाऱ्याचा देव निराळा आहे, याचे कोणाला वैषम्य वाटल्याचे ऐकिवात नाही. शनिवारी तेल मिळायचे नाही एवढे ध्यानात ठेवले की झाले!

मी व्यवसायाने शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कादंबऱ्या लिहितो त्या मास्तरकीतून उरलेल्या वेळात. गेली काही वर्षे शाळेत येणारे पालक मला हमखास एक प्रश्न विचारतात. "मास्तर, मुलाशी घरी इंग्रजीतून बोललं तर चालेल ना? म्हणजे लवकर पुढं जाईल." या प्रश्नाला हो म्हणणे जितके सोपे, तितकेच नाही म्हणणेही सोपे. दोन्ही बाजूंची भाषणे मी इतकी ऐकली आहेत की आता ती मलाच पाठ झाली आहेत. म्हणून मी अलीकडे भाषण करीत नाही. वेळ असला तर या शनवारतेल्यांची हकिकत सांगतो. घरची भाषा एक, देवाची दुसरी, पोटाची तिसरी, असा संसार त्यांनी दोनशे वर्षे केला. त्यातून काय मिळाले आणि काय गेले, ते ज्याचे त्याने पाहावे.

त्यांची मूळकथा त्यांच्यातच परंपरेने चालत आलेली आहे. फार प्राचीन काळी एक गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यावरच मूठमाती दिली. गलबताबरोबर ग्रंथही बुडाले, आणि राहिली ती फक्त 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना. इतिहासकारांनी या कथेचा काळ ठरविण्यासाठी पुष्कळ डोके चालवले आहे. आपल्याला त्यात पडायचे कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की, ग्रंथ नसलेल्या या माणसांनी धर्म सांभाळला तो स्वयंपाकघरातल्या मराठीत.

त्यांच्या जुन्या सणांची नावे पाहा. जगभरच्या यहुद्यांचे वर्षारंभाचे जे पर्व, त्याला हे म्हणत 'नव्याचा सण'. त्याच महिन्यात नव्या धान्याची नारळ-साखर घातलेली खीर करायची, तो 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा कडक उपवास, त्या दिवशी दारे लावून घ्यायची, बाहेरच्याला शिवायचे नाही. तो 'दारफाळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी दारे उघडायची, गरिबांना दानधर्म करायचा, आप्तांच्या भेटी घ्यायच्या, तो 'शिळा सण'. पुरिम नावाचा त्यांचा आनंदाचा सण आपल्या होळीच्या आगेमागे येतो, म्हणून त्याचे नाव पडले 'होळीचा सण'. वल्हांडणाच्या पर्वात आंबवलेले काही खायचे नाही, तेव्हा आंबट रसाची बरणी, जिला ते अनस म्हणत, झाकून ठेवायची. म्हणून तो 'अनशी ढाकाचा सण'. आणि जेरुसलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवशी मांसमच्छी वर्ज्य करून वालाचे बिरडे खायचे, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'.

केवढी गंमत आहे पाहा. हजारो मैलांवर, दगडाच्या शहरात एक मंदिर जळते, आणि त्याचे दुःख कोकणातल्या घरी मोडाच्या वालात उतरते! उपवासाला शब्द रोजा. तोही मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला. धर्मकृत्ये सांगणारा तो काझी. लग्न चुडा-मेंदीचे. नवस फेडायचा तो एलियाहू हन्नाबीला, म्हणजे प्रेषित एलियाला. पण ताटात पोहे, नारळ, गूळ आणि फळे, आणि त्याचे नाव मलिदा. अलिबागेजवळ खंडाळे गावी एका खडकावर त्या प्रेषिताच्या रथाच्या खुणा दाखवतात. माणसांची नावेही अशीच कोकणच्या हवेत भिजून निघाली होती. सॅम्युएलचा झाला सामाजी, एझेकिएलचा हसाजी. आडनावे गावांवरून: रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर, झिराडकर, राजपुरकर, अष्टमकर. हजेरीपटावर ही नावे वाचताना कोणा मास्तरला ती परकी वाटली असतील, असे मला तरी वाटत नाही.

इंग्रजी या घरात शिरली ती दोन दारांनी, एक छावणीचे आणि दुसरे मिशनचे.

कंपनीच्या मुंबई पलटणीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्राएल भरती होऊ लागले. घाण्याभोवती फिरणारे पाय कवायतीत सरळ चालू लागले, आणि बरेच जण सुभेदारीपर्यंत चढले. त्यातलाच एक सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी दप्तरातला सॅम्युएल एझेकिएल. टिपूविरुद्धच्या लढाईत तो कैद झाला. परंपरा सांगते की, आपण बेने इस्राएल आहोत असे त्याने सांगितल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्याचा जीव वाचला. सुटून आल्यावर त्याने नवस फेडला, तो १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधून. ज्या रस्त्यावर ते बांधले त्याला पुढे सॅम्युएल स्ट्रीट म्हणू लागले. सामाजीने बांधले, पण रस्ता सॅम्युएलचा! एवढ्या एका पाटीत पुढच्या शंभर वर्षांची चाहूल आहे.

दुसरे दार मिशनचे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढायला प्रारंभ केला. हिंदू मुले येईनात, आली तर टिकेनात; बेने इस्राएल मात्र आले, आणि नुसते शिकायलाच नव्हे तर शिकवायलाही आले. ज्यांच्या पूर्वजांची गोष्ट त्या पुस्तकात होती, त्यांना ती वाचायची ओढ असणारच. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. हा माणूस मोठा खटपट्या आणि खरोखरीचा विद्वान. त्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण लिहून छापले, ते मराठीतून! स्कॉटलंडमधला पाद्री, कोकणातल्या तेल्यांना, त्यांच्या पूर्वजांची भाषा मराठीच्या आधाराने शिकवतो. भाषांच्या इतिहासात असे उदाहरण क्वचितच मिळेल.

विल्सनसाहेबांचा हेतू उघड होता. जुन्या करारावरून ही मंडळी नव्या करारावर येतील, अशी त्यांची अटकळ. झाले उलटेच. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे, आणि बाकीचे अधिक पक्के यहुदी झाले. सापळ्यातला खाऊ तेवढा खाऊन उंदीर पसार व्हावा, तसा हा प्रकार. मिशनऱ्यांच्या खात्यात हे अपयश जमा झाले असेल. मला तो त्यांच्या शिक्षकीपणाचा विजय वाटतो. ज्याला वाचायला शिकवले, तो आपल्याला हवे तेच वाचणार. मास्तराने यापेक्षा अधिक अपेक्षा धरू नये.

येथून पुढची साठ-सत्तर वर्षे हा या हकिकतीचा सर्वांत भरलेला भाग आहे, आणि आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

इंग्रजी आल्यामुळे बेने इस्राएलांना विलायतेतले यहुदी ग्रंथ वाचता येऊ लागले. हिब्रू आल्यामुळे मूळ प्रार्थना कळू लागल्या. आणि या दोन्ही भाषांतून मिळवलेले धन त्यांनी कोठे ओतले? मराठीत. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायची जी पोथी, हग्गादा, ती १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघाली ती तर प्रसिद्धच आहे. मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी ती सिद्ध केली, आणि छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. एका बाजूस हिब्रू, एका बाजूस मराठी. आतली चित्रे बरीचशी युरोपातल्या जुन्या प्रतींवरून घेतलेली. परंतु बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आले आणि चित्रकाराचा हात स्वदेशी झाला. त्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत, जमिनीवर बसून लाटताहेत. ते चित्र पाहून एखाद्या पुणेरी आजीला वाटावे, या आपल्याच आळीतल्या, पापड लाटायला बसल्या आहेत!

जोसेफ एझेकिएल राजपुरकर (१८३४–१९०५) हे या काळातले मोठे नाव. मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते मुख्याध्यापक, विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक. दिवसा इंग्रजी-हिब्रूचे अध्यापन, आणि उरलेल्या वेळात प्रार्थनापुस्तकांचे मराठीकरण. एकेक करून बहुतेक साऱ्या नित्यनैमित्तिक प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. इंग्रजी उत्तम येत असूनही हा मनुष्य मराठीत का लिहीत बसला? उत्तर साधे आहे. प्रार्थना करणाऱ्या बायकांना, कोकणातल्या तेल्यांना, पलटणीतल्या शिपायांना समजायला हवे होते. वाचक कोण, यावरून भाषा ठरली.

याहून रसाळ प्रकार म्हणजे कीर्तन. आपल्या हरिदासांचे कीर्तन ऐकून बेने इस्राएलांना वाटले, हे आपल्याकडे का नसावे? १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मंडळींनी कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, ओव्या, साक्या, दिंड्या, पेटी, टाळ, सारे नारदीय थाटाचे. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत टाकतात, या प्रसंगी श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागत असतील, यात मला शंका नाही. भाऊबंदकी कोकणात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे इंग्रजीने घरच्या भाषेचे भलेच केले. तसे केले खरेच. जोवर इंग्रजी बाहेरून सामान आणणारी होती, तोवर घर भरत गेले.

मग घडी केव्हा विसकटली? माझ्या समजुतीप्रमाणे तिची सुरुवात पोटापेक्षा मानापासून झाली. मुंबईत बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी होते. प्रारंभी बेने इस्राएलांच्याच प्रार्थनामंदिरात ते येत. पण हळूहळू त्यांना या काळ्यासावळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबांधवांचा संकोच वाटू लागला. १८३६ मध्येच सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत घालावी, अशी मागणी बगदादी मंडळींनी सरकारकडे केली. म्हणजे मेल्यावरसुद्धा शेजार नको! हे खरे यहुदी की नव्हेत, असा प्रश्न कुजबुजीने सुरू झाला आणि पुढे उघडपणे विचारला जाऊ लागला. आता उत्तर द्यायचे ते कोणाला? सरकारला, बगदाद्यांना, लंडनच्या धर्मगुरूंना, जगाला. आणि ते मराठीत देऊन उपयोग नव्हता.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आयुष्यभर या उत्तराची जुळवाजुळव केली. त्यांनीच आपल्या बांधवांसह १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. माझगावची ती शाळा पुढे सर एली कदुरी शाळा म्हणून नावारूपास आली. गावोगावचे सण, नावे, चालीरीती, म्हाताऱ्यांच्या आठवणी, हे सारे किहीमकरांनी टिपले. मी वर सांगितलेली सणांची नावे टिकली त्यात त्यांच्या श्रमाचा वाटा मोठा आहे. १८९७ मध्ये त्यांचा इतिहास लिहून झाला. तो लिहिला मात्र इंग्रजीत. छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर किहीमकर जाऊन किती तरी वर्षे लोटली होती. राजपुरकरांचा वाचक रोह्याला होता आणि किहीमकरांचा लंडनला. दोघेही समाजाचे थोर सेवक. दोघांतला फरक मी कमी-अधिक म्हणून सांगत नाही. पण ज्या पिढीला आपण कोण हे परक्यापुढे सिद्ध करावे लागते, तिची लेखणी परक्याच्या भाषेकडे वळते, हे नाकारता येणार नाही.

पोटाचे कारणही होतेच. मुंबई वाढली, कचेऱ्या वाढल्या, रेल्वे आली, गोदी आली. घाणे मागे पडले. बेने इस्राएल कारकून झाले, ड्राफ्ट्समन झाले, परिचारिका झाल्या, शिक्षक-शिक्षिका झाल्या. मुलींना शिकवण्यात हा समाज इतरांच्या पुढे होता. रेबेका रुबेन १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिली आली. मॅट्रिक मीही झालो आहे, म्हणून त्या पहिल्या नंबराचा अर्थ मला ठाऊक आहे! पुढे ती विलायतेत शिकून आली आणि १९२२ पासून १९५० पर्यंत इस्राएली शाळेची प्रमुख होती. डॉ. जेरुशा झिराड विलायतेत एम.डी. झाल्या, कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री झाल्या. डॉ. ई. मोझेस राजपुरकर १९३७ मध्ये मुंबईचे नगराध्यक्ष झाले; वरळीच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, पण तेथेही राजपुरकर गळाले आणि मोझेस तेवढे राहिले. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये आला, तो जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरून. एवढ्याशा समाजाने, सारा मिळून वीसबावीस हजारांचा, केवढी माणसे दिली!

आणि याच काळात भायखळा-नागपाड्याच्या बिऱ्हाडांत एक बारीक बदल होत होता. आजी मराठी, आई मराठी. पण नोकरदार बाप मुलाशी इंग्रजीतून बोलू लागला. समाजाची नियतकालिके अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी निघू लागली. सामाजी गेले, सॅम्युएल आले. कराचीत तर आणखी मौज. तेथेही बेने इस्राएलांची वस्ती होती. १८९३ मध्ये नगरपालिकेतील अधिकारी सॉलोमन डेव्हिड यांनी तेथे प्रार्थनामंदिर बांधले होते. सिंधी मुलखात, उर्दू-गुजराती शेजारात, ही कुटुंबे घरात मराठी बोलत. फाळणीनंतर ती पांगली. मंदिर १९८८ मध्ये पाडण्यात आले.

भायखळ्याच्या याच वातावरणात १९२४ मध्ये निस्सीम एझेकिएल जन्मले. आईवडील दोघेही शिक्षणक्षेत्रातले. हा मुलगा भारतातल्या आधुनिक इंग्रजी कवितेचा अग्रणी ठरला; १९८३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला तो इंग्रजी कवितेसाठी. गंमत अशी की, याच कवीने आपल्याकडच्या साध्या माणसांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर कविता लिहिल्या. काहींना त्या हसवतात, काहींना टोचतात. मला त्या टोचत नाहीत, कारण मी तसेच बोलतो. आणि याच एझेकिएलांनी वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. आजीच्या भाषेचे ऋण असे दूरच्या वाटेने फिटले, म्हणावे का?

१९४८ मध्ये इस्राएलचे राष्ट्र झाले आणि बेने इस्राएल निघाले. येथे त्यांना कोणी छळले नव्हते. त्यांच्या अंगाला येथे धर्माबद्दल कधी ओरखडा उमटला नाही, हे ते आजही अभिमानाने सांगतात. तरी ते निघाले, कारण रोजच्या प्रार्थनेत पिढ्यान्पिढ्या ज्या नगराचे नाव घेतले, त्याचे दार उघडले होते. तेथे गेल्यावर कळले की, देवापाशी बोलायची हिब्रू निराळी आणि दुकानात मीठ मागायची हिब्रू निराळी. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा नव्या वसाहतींत त्यांना घरे मिळाली. मुंबईत ज्यांनी टेबलखुर्चीवर बसून इंग्रजी खर्डे लिहिले, त्यांपैकी अनेकांना तेथे फावडे हाती धरावे लागले. ज्या इंग्रजीसाठी घरची भाषा मागे सारली, ती तेथे दुय्यम ठरली. काही जण हताश होऊन १९५२ मध्ये परतही आले.

आणि जुना प्रश्न तेथेही त्यांची वाट पाहत होता. तुम्ही खरे यहुदी का? १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत वंशाच्या चौकशीची अट घातली. ज्या देशासाठी घर सोडले, त्यानेच आजीपणजीचे दाखले मागावे, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. १९६४च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमच्या रस्त्यावर येऊन बसले. बायका, मुले, म्हातारी माणसे. तेथील लोकसभेने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, असा ठराव केला. सत्याग्रह मात्र त्यांनी इकडचाच नेला होता.

मागे रेवदंड्याच्या बाजूस गेलो असता मला एक आजी भेटल्या. १९६९ मध्ये, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, आईबापांबरोबर तिकडे गेलेल्या. आता नातवाला घेऊन गाव पाहायला आल्या होत्या. मी मराठी शाळेतला मास्तर आहे असे कळताच त्यांनी जी बोलायला सुरुवात केली, ती थांबेचनात. मराठी १९६९ची, बाजारातल्या माणसांपेक्षा किती तरी स्वच्छ. "मास्तर, तुमच्या इकडे कडवे वाल अजून तस्सेच मिळतात काय हो? आमच्या तिकडं वाल मिळतो, पण त्याला ही चव नाही." नातू पंचविशीचा, शेजारी उभा. त्याला आमच्या बोलण्यातला एक शब्द कळत नव्हता. त्याने आजीला हिब्रूत काही विचारले. आजींनी थोडक्यात काही सांगितले. त्याचे समाधान झाले नाही. मग तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीतून म्हणाला, आजी काय सांगते आहे ते मला नीट सांगा.

तेव्हा मी, मॅट्रिक शिकलेला मास्तर, त्या आजीचे बोलणे तिच्याच नातवाला इंग्रजीतून सांगू लागलो. घाणा कसा सांगितला, पडवी कशी सांगितली, हे माझे मलाच ठाऊक. आजींनी शिळ्या सणाची गोष्ट काढली. मी म्हणालो, 'स्टेल फेस्टिव्हल'. पोरगा खदखदून हसला. आजी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "त्याला सांगा, शिळा म्हणजे वाईट नव्हे. कालचं उरलेलं ते आज वाटून खायचं. माझी आजी आधी भिकाऱ्याला द्यायची, मग आम्हाला." हे मी सांगितले. किती पोहोचले कोण जाणे. पोरगा मात्र गप्प झाला, आणि त्याने आपल्या फोनवर आजीला पुन्हा बोलायला लावून ते ध्वनिमुद्रित करून घेतले.

आज भारतात यहुदी पाच हजारांच्या आतच उरले आहेत. इस्राएलमध्ये भारतीय मुळाचे सुमारे ८५ हजार, आणि त्यांत बहुसंख्य बेने इस्राएल. तेथे १ मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो. १९८०च्या दशकापासून तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघत आले. लिहिणारे बहुधा इकडे शाळा शिकलेले, आणि वाचणारेही तेच. तिकडे जन्मलेल्यांची घरची भाषा हिब्रू. इंग्रजी ते शाळेत शिकतात, आपली मुले शिकतात तशी. सामाजीचा सॅम्युएल झाला होता, त्याचा आता शमुएल झाला आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर त्यांची सर्वांत जुनी थडगी आहेत, ती नुसत्या दगडांची. त्यांवर अक्षर नाही. कोकणातल्या आणि मुंबईच्या दफनभूमींत पुढच्या काळातले दगड आहेत, त्यांवर मात्र अक्षरे भेटतात. कोठे वर हिब्रू आणि खाली बाळबोध मराठी, कोठे त्यांच्या जोडीला इंग्रजी, कोठे मराठी अजिबात नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर थंडी पडली की इस्राएलहून येणाऱ्यांच्या बसगाड्या या बाजूला दिसू लागतात. पाहुणे दगडावरची हिब्रू ओळ स्वतः वाचतात, इंग्रजी ओळ स्वतः वाचतात. आणि मराठी ओळ आली की बरोबरच्या गाडीवानाला, नाहीतर कुंपणापाशी उभ्या असलेल्या एखाद्या पोराला हाक मारून ती वाचून घेतात.